अल्झायमर व्याधीवरील पेशीरोपण : प्रतिस्थापनाच्या कल्पनेचा इतिहास

एखाद्या वैज्ञानिक प्रयत्नाचे नाव दीर्घकाळ टिकले, म्हणजे त्याचे उद्दिष्टही तितकाच काळ टिकले असले पाहिजे, असे मानण्याकडे अभ्यासकाचा स्वाभाविक कल असतो. अल्झायमर व्याधीवर मूलपेशींच्या साहाय्याने उपचार करण्याच्या प्रयत्नांपुरते तरी हे गृहीत टिकत नाही. १९८४ साली मेंदूत पेशींचे रोपण करणाऱ्या संशोधकाला जे साधावयाचे होते आणि २०२५ साली त्याच्या उत्तराधिकाऱ्याला जे साधावयाचे होते, त्यांत साम्य फार थोडे आहे. मेलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी बसवाव्यात, म्हणजे प्रतिस्थापन करावे, ही मूळ कल्पना. ती कोठून आली, ह्या व्याधीच्या बाबतीत ती का फसली, आणि तिच्या जागी कोणत्या कल्पना आल्या, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम शब्दाविषयी. ‘मूलपेशी’ ह्या संज्ञेचा जर्मन पूर्वज ‘श्टामत्सेले’ हा शब्द एर्न्स्ट हेकेल ह्याने १८६८ साली वापरला, तेव्हा त्याला रोगोपचाराचा गंधही नव्हता. सर्व बहुपेशीय जीवांचा आद्य एकपेशीय पूर्वज, असा वंशवृक्षाशी निगडित अर्थ त्याला अभिप्रेत होता. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अलेक्झांडर मॅक्सिमोव ह्या रशियन शास्त्रज्ञाने रक्तातील निरनिराळ्या पेशी एकाच मूळ पेशीपासून निर्माण होतात, असे प्रतिपादन केले, आणि शब्द रक्ताच्या अभ्यासात रुजला. टोरांटो येथे जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅकलक ह्यांनी १९६१ साली उंदरांच्या प्लीहेवर उठणाऱ्या पेशीसमूहांच्या साहाय्याने अशा पेशींचे अस्तित्व मोजमापाने दाखविले. त्यापूर्वीच, १९५७ साली, ई. डॉनल टॉमस ह्यांनी अस्थिमज्जेच्या रोपणाचे मानवावरील पहिले प्रयोग प्रसिद्ध केले होते. त्या कार्याबद्दल त्यांना १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

हा तपशील येथे देण्याचे कारण असे की, पेशीरोपणाने रोग बरा होतो ही गोष्ट वैद्यकाने प्रथम रक्ताकडून शिकली. रक्तपेशीला ठरावीक ठिकाण नसते. ती शिरेतून सोडली तरी योग्य जागी पोहोचते, तेथे वाढते, आणि तिचे काम तिच्या शेजाऱ्यांवर अवलंबून नसते. मज्जापेशीचे तसे नाही. तिचे सारे महत्त्व ती कोणाकोणाशी जोडलेली आहे ह्यात असते. जोडणीवेगळी मज्जापेशी म्हणजे तारा तोडलेले यंत्र. रक्ताच्या बाबतीत यशस्वी ठरलेली कल्पना मेंदूकडे वळली तेव्हा हा भेद कोणाच्या ध्यानात आला नाही असे नव्हे. तो पुढे केव्हातरी ओलांडता येईल, अशी आशा मात्र होती.

मेंदूच्या बाबतीत ह्या आशेपुढे एक मोठा अडसर होता, आणि तो होता सान्तियागो रामोन ई काहाल ह्या स्पॅनिश शास्त्रज्ञाच्या अधिकाराचा. मज्जासंस्थेचा ऱ्हास आणि पुनर्जनन ह्या विषयावर १९१३-१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात काहालने निर्णय दिला की, प्रौढ प्राण्याच्या मेंदूतील मार्ग कायमचे ठरून गेलेले असतात, तेथे नाश होऊ शकतो, नवनिर्मिती होत नाही. लगेच पुढे त्याने असेही म्हटले होते की, हा कठोर निर्णय शक्य असल्यास बदलणे हे भावी विज्ञानाचे काम आहे. त्यानंतरच्या दोन पिढ्यांनी पूर्वार्ध तेवढा पाठ केला.

ह्या निर्णयाला पहिला गंभीर आव्हानात्मक पुरावा मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील जोसेफ अल्टमन ह्यांनी १९६२ साली पुढे आणला. विभाजनापूर्वी पेशी आपल्या जनुकद्रव्याची नक्कल करते. त्या वेळी तिला किरणोत्सर्गी थायमिडीन पुरविले, तर ते त्या द्रव्यात कायमचे गुंफले जाते आणि पुढे फोटोग्राफीच्या पायसावर काळ्या कणांच्या रूपाने दिसते. ह्या पद्धतीने अल्टमन ह्यांना प्रौढ उंदरांच्या मेंदूत नव्याने जन्मलेल्या पेशी आढळल्या. आपल्या निबंधाचे शीर्षक त्यांनी प्रश्नार्थक ठेवले होते. १९६५ साली त्यांनी गोपाल दास ह्यांच्यासह हिप्पोकँपस ह्या स्मृतीशी निगडित भागातील नवजात पेशींविषयीचा विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. दास ह्यांचे नाव ह्या इतिहासाच्या लोकप्रिय कथनांतून बहुधा गळते. ते गळू नये, ह्याला एक अधिक कारण आहे : १९७१ साली दास आणि अल्टमन ह्यांनीच किरणोत्सर्गी खूण केलेल्या मज्जापेशींच्या पूर्वपेशी लहान उंदरांच्या अनुमस्तिष्कात रोपून त्यांचे पुढे काय होते ते पाहिले. मेंदूत नव्या पेशी जन्मतात काय आणि मेंदूत बाहेरून पेशी घालता येतात काय, हे दोन्ही प्रश्न एकाच प्रयोगशाळेत एकाच दशकात विचारले गेले होते.

अल्टमन ह्यांच्या कार्याची जवळजवळ तीस वर्षे उपेक्षा झाली, मॅसॅच्युसेट्स येथे त्यांना कायमची नेमणूक मिळाली नाही, आणि १९६८ साली ते पर्ड्यू विद्यापीठात गेले, ही हकीकत आता बरीच प्रसिद्ध आहे. २०११ साली स्पेनमधील प्रिन्स ऑफ आस्तुरियास पारितोषिकाने तिची काही अंशी भरपाई झाली. परंतु ही उपेक्षा केवळ पूर्वग्रहातून झाली असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली लहान मज्जापेशी आणि तिला आधार देणारी ग्लियापेशी ह्यांत भेद करणे त्या काळी अवघड होते. खूण झालेली पेशी खरोखर मज्जापेशीच आहे कशावरून, हा आक्षेप रास्त होता. मायकेल कॅप्लन ह्यांनी १९७७ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्याचे उत्तर दिले. तरीही १९८५ साली पास्को राकिच ह्यांनी ऱ्हीसस माकडांच्या मेंदूत अशा पेशी आढळत नाहीत असे प्रसिद्ध केले, आणि वानरगणापुरता तरी काहालचा निर्णय कायम राहिला. तो हलला १९९८ साली. पीटर एरिक्सन, फ्रेड गेज आणि त्यांचे सहकारी ह्यांनी कर्करोगाच्या तपासणीसाठी ब्रोमोडिऑक्सियुरिडीन हे खूण करणारे द्रव्य ज्यांना देण्यात आले होते अशा पाच रुग्णांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले आणि मानवी हिप्पोकँपसमध्ये नव्या मज्जापेशी दाखविल्या. गेज ह्यांचे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

आता व्याधीकडे वळू. आउगुस्टे डेटर ही एक्कावन्न वर्षांची स्त्री २५ नोव्हेंबर १९०१ रोजी फ्रांकफुर्टच्या मनोरुग्णालयात दाखल झाली आणि आलोइस अल्झायमर ह्यांनी तिची तपासणी केली. एप्रिल १९०६ मध्ये ती मरण पावली; तोपर्यंत अल्झायमर म्यूनिकला गेले होते, तरी त्यांनी तिचा मेंदू मागवून घेतला. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्यूबिंगेन येथील सभेत त्यांनी तिच्या मेंदूतील पेशींबाहेरचे साठे आणि पेशींमधले तंतूंचे गुंते वर्णन केले. १९१० साली एमिल क्रेपेलिन ह्यांनी आपल्या पाठ्यग्रंथात ह्या विकाराला अल्झायमर ह्यांचे नाव दिले. तिची मूळ कागदपत्रे १९९५ साली फ्रांकफुर्टमध्ये पुन्हा सापडली.

दीर्घकाळ ही तुलनेने तरुण वयातील दुर्मीळ व्याधी समजली जात होती. म्हातारपणीचा स्मृतिभ्रंश ही निराळी, वयानुसार येणारी अवस्था मानली जाई. १९७६ साली रॉबर्ट कॅट्झमन ह्यांनी दोन्ही एकच असल्याचे आग्रहाने मांडले आणि एका लेखणीच्या फटकाऱ्याने दुर्मीळ व्याधी वृद्धांच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांत येऊन बसली. त्याच वर्षी ब्रिटनमधील संशोधकांना असे आढळले की, ह्या रुग्णांच्या मेंदूत ॲसिटिलकोलीन हे संदेशवाहक द्रव्य तयार करणारे विकर फार घटलेले असते. १९८२ साली पीटर व्हाइटहाउस आणि त्यांच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील सहकाऱ्यांनी ह्याचा उगम दाखविला : पुढच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या एका लहान केंद्रातील पेशी मोठ्या प्रमाणात नष्ट झालेल्या असतात.

ह्या शोधाचे त्या काळी जे स्वागत झाले, ते समजण्यासाठी पार्किन्सनच्या व्याधीकडे पाहिले पाहिजे. तेथे डोपामाइन निर्माण करणाऱ्या पेशींचे एक लहान केंद्र मरते. १९६७ पासून लेव्होडोपा ह्या औषधाने ती उणीव भरून काढता येऊ लागली होती, आणि १९७९ साली स्वीडनमध्ये व अमेरिकेत, उंदराच्या भ्रूणातील डोपामाइनपेशी रोगी उंदरात रोपल्यास त्याच्या हालचाली सुधारतात, हे सिद्ध झाले होते. एक द्रव्य, एक केंद्र, एक रोपण. अल्झायमर व्याधीतही एक द्रव्य आणि एक केंद्र सापडल्यावर तिसरी पायरी आपोआप सुचली. हा तर्क त्या वेळच्या पुराव्याच्या आधारे सुसंगतच होता. त्याचा दोष एवढाच की, व्याधीचे स्वरूप तिच्या शेजारणीवरून ठरविले गेले.

१९८४ साली गेज आणि स्वीडनमधील लुंडचे आंडर्स ब्यॉर्कलुंड व त्यांचे सहकारी ह्यांनी म्हाताऱ्या उंदरांच्या हिप्पोकँपसमध्ये भ्रूणमेंदूतील ॲसिटिलकोलीनयुक्त पेशी रोपल्या. पाण्याच्या कुंडात बुडालेला चौथरा लक्षात ठेवून शोधण्याची चाचणी जे म्हातारे उंदीर नीट देऊ शकत नव्हते, त्यांना रोपणानंतर ती अधिक चांगली देता आली. प्रतिस्थापनाच्या कल्पनेचा हा उत्कर्षबिंदू म्हणता येईल. पण तो उंदीर केवळ म्हातारा होता. अल्झायमरचा रोगी नव्हता. ही गोष्ट लेखकांनी लपविली नव्हती, तरी पुढच्या उत्साहात ती मागे पडली.

१९९१ हे वर्ष ह्या दृष्टीने निर्णायक आहे. त्या वर्षी हाइको ब्राक आणि एफा ब्राक ह्या जर्मन दांपत्याने तंतूंच्या गुंत्यांचा प्रसार टप्प्याटप्प्याने आखून दाखविला : स्मृतीच्या प्रवेशद्वाराशी असलेल्या एका चिंचोळ्या पट्ट्यापासून हिप्पोकँपस, आणि तेथून जवळजवळ संपूर्ण मेंदूकवच. त्याच वर्षी रॉबर्ट टेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, रुग्णाच्या बुद्धिहानीशी सर्वांत जवळचे नाते साठ्यांचे किंवा गुंत्यांचे नसून सायनॅप्सच्या, म्हणजे पेशींमधील संधिस्थानांच्या, ऱ्हासाचे आहे. पार्किन्सनच्या व्याधीत निदान आरंभी तरी एक विहीर आटते; येथे संपूर्ण पाटबंधाऱ्याचे जाळे एकेका चारीने कोरडे पडत जाते. सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशींच्या मेंदूत कोणत्या पेशी, कोठे आणि कोणाशी जोडून बसवावयाच्या? शिवाय आणखी एक अडचण अशी की, रोपलेली पेशी समजा जोडली गेली, तरी गेलेल्या पेशीच्या जोडणीत साठविलेले जे होते ते तिला कोठून मिळणार? नव्या पेशीमुळे नवे शिकणे सुलभ होईल. रुग्णाला आपल्या मुलाचे नाव आठवेल असे त्यातून निष्पन्न होत नाही. ह्या प्रश्नाची चर्चा वैज्ञानिक साहित्यात जितकी व्हावयास हवी होती तितकी झाली नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रतिस्थापनाला पर्याय एका निराळ्या परंपरेतून आला. ट्यूरिनच्या रीता लेव्ही-मोंतालचीनी ह्यांनी १९५० च्या दशकात सेंट लुइस येथे काम करीत असताना मज्जातंतूंच्या वाढीस कारणीभूत होणारा एक घटक शोधला. स्टॅन्ली कोहेन ह्यांनी तो वेगळा केला, आणि १९८६ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपण ह्याला वर्धनघटक म्हणू. १९८० च्या दशकात असे दिसून आले की, व्हाइटहाउस ह्यांनी ज्या पेशींचा नाश वर्णिला होता, त्या जगण्यासाठी ह्याच घटकावर अवलंबून असतात. मग मेलेली पेशी बदलण्यापेक्षा मरणाऱ्या पेशीला पोसावे. स्टॉकहोम येथे हा घटक नळीने रुग्णाच्या मेंदूतील पोकळीत सोडण्याचा प्रयत्न झाला; पहिल्या रुग्णाचा वृत्तांत १९९२ साली आणि एकूण तिघांचा १९९८ साली प्रसिद्ध झाला. पाठीत तीव्र वेदना आणि वजनातील घट ह्यांमुळे तो मार्ग सोडून द्यावा लागला. घटक पाहिजे तेथे पोहोचावा आणि नको तेथे पोहोचू नये, हा खरा पेच होता.

ह्या पेचाला पेशी हे उत्तर मिळाले. १९८८ साली गेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फायब्रोब्लास्ट पेशींत वर्धनघटकाचे जनुक घालून त्या इजा झालेल्या उंदराच्या मेंदूत रोपल्या, आणि मरणाऱ्या पेशी वाचल्या. येथे उद्दिष्टातील पालट अगदी स्पष्ट दिसतो. फायब्रोब्लास्ट कधीही मज्जापेशी होणार नव्हती आणि तशी तिच्याकडून अपेक्षाही नव्हती. ती केवळ वाहक होती, औषधाची एक सूक्ष्म कुपी.

सॅन डिएगो येथे मार्क टुझिन्स्की ह्यांच्या नेतृत्वाखाली ही कुपी २००१ साली माणसाच्या मेंदूत गेली. सौम्य स्वरूपाची व्याधी असलेल्या आठ रुग्णांच्या त्वचेचा तुकडा घेऊन पेशी वाढविल्या गेल्या, त्यांत जनुक घालण्यात आले, आणि त्या मेंदूच्या तळाशी सुईने सोडण्यात आल्या. आरंभीच्या शस्त्रक्रिया रुग्ण जागा असताना, गुंगीच्या औषधाखाली केल्या गेल्या. सुई आत असताना दोन रुग्ण हलले आणि रक्तस्राव झाला. त्यांपैकी एकाचा पाच आठवड्यांनी मृत्यू झाला. त्यानंतर पूर्ण भूल देऊन शस्त्रक्रिया होऊ लागल्या. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतात उरलेल्या सहा रुग्णांच्या बुद्धिहानीचा वेग मंदावल्याची चिन्हे आणि मेंदूतील साखरेचा वापर वाढल्याची नोंद होती. मृत रुग्णाच्या मेंदूत रोपणाच्या दिशेने तंतूंची जोमदार वाढ आढळली. हा पुरावा मोलाचा होता. पण तो एका अपघाती मृत्यूमुळे हाती आला, आणि तुलनेसाठी उपचाराविना ठेवलेला गट ह्या चाचणीत नव्हता, ह्या दोन्ही गोष्टी तो वृत्तांत वाचताना विसरून चालणार नाहीत.

पुढची पायरी अशी पडली की, पेशीच वगळण्यात आली. जनुक निरुपद्रवी विषाणूत घालून थेट मेंदूत सोडणे सोयीचे वाटले. ह्या पद्धतीच्या दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत ४९ रुग्ण होते. त्यांतील काहींवर लटकी शस्त्रक्रिया करण्यात आली, म्हणजे रुग्णाला आपणावर उपचार झाला की नाही हे कळणार नाही अशी व्यवस्था होती. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : उपचार झालेले आणि न झालेले ह्यांत फरक नाही. कल्पना संपली, असेच कोणीही म्हटले असते. पण चाचणीतील रुग्णांच्या मरणोत्तर तपासणीचा वृत्तांत २०२० साली आला, त्यात विषाणूतून निर्माण झालेला घटक ज्या पेशींपर्यंत पोहोचावयास हवा होता त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता, असे निष्पन्न झाले. म्हणजे औषध अपयशी ठरले की औषध दिलेच गेले नव्हते, हा प्रश्न एकोणपन्नास माणसांच्या कवटीला छिद्रे पाडूनही अनिर्णीतच राहिला. ज्यांनी आपले देह मृत्यूनंतर तपासणीस दिले त्यांच्यामुळे निदान तो अनिर्णीत आहे एवढे तरी कळले. विज्ञानाच्या इतिहासकाराला अशा वृत्तांतांचे मोल यशाच्या वृत्तांतांहून कमी नाही. दुर्दैवाने ते वाचले मात्र फार कमी जातात.

मूलपेशी ह्या कथेत ह्या सुमारास प्रवेशतात. १९९८ साली विस्कॉन्सिनच्या जेम्स टॉमसन ह्यांनी मानवी भ्रूणातील मूलपेशींचे संवर्धन केले. २००६ साली क्योटोच्या शिन्या यामानाका ह्यांनी उंदराच्या आणि २००७ साली मानवाच्या सामान्य पेशींना उलट मूलपेशीच्या अवस्थेत नेले. ह्यांची हकीकत अन्यत्र सहज मिळते. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रयोग त्यांच्यापैकी कोणाचाही नव्हे. तो कॅलिफोर्नियातील अर्व्हाइन येथील मॅथ्यू ब्लर्टन-जोन्स, फ्रँक लाफर्ला आणि त्यांचे सहकारी ह्यांचा, २००९ सालचा. जनुकीय फेरफाराने ज्यांत अल्झायमरसदृश विकृती निर्माण केली होती अशा म्हाताऱ्या उंदरांच्या हिप्पोकँपसमध्ये त्यांनी मज्जासंस्थेच्या मूलपेशी रोपल्या. उंदरांची स्मृती सुधारली. परंतु मेंदूतील साठे आणि गुंते होते तसेच राहिले. रोपलेल्या पेशींपैकी मज्जापेशी झालेल्या फारच थोड्या होत्या. सुधारणा झाली ती त्या पेशींनी स्रवलेल्या, वर्धनघटकाच्याच कुळातील, एका पोषक द्रव्यामुळे आणि त्यातून वाढलेल्या संधिस्थानांमुळे. रोपलेल्या पेशींतील त्या द्रव्याची निर्मिती घटविली तेव्हा लाभही नाहीसा झाला. मूलपेशीही येथे वाहकच ठरली, आणि फायब्रोब्लास्टने १९८८ साली शिकविलेला धडा नव्या, अधिक प्रतिष्ठित नावाखाली पुन्हा गिरविला गेला.

ह्यानंतर जे घडले त्यात विज्ञानाबरोबर लोकमत आणि पैसा ह्यांचाही वाटा आहे. नोव्हेंबर २००४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी मूलपेशी-संशोधनासाठी ३०० कोटी डॉलरचे रोखे उभारण्यास संमती दिली होती आणि त्यातून एक राज्यसंस्था स्थापन झाली होती. २०१२ साली स्टेमसेल्स इन्कॉर्पोरेटेड ह्या कंपनीने मानवी मज्जामूलपेशी अल्झायमर व्याधीसाठी वापरण्याच्या पूर्वतयारीकरिता ह्या संस्थेकडे सुमारे दोन कोटी डॉलर मागितले. तज्ज्ञ परीक्षकांनी अर्जाची शिफारस केली नाही. संचालक मंडळाने ती बाजूला सारून रक्कम मंजूर केली. पुढे माणसावरील प्रयोगापर्यंत हे काम पोहोचले नाही, आणि २०१६ साली कंपनीने आपले कार्य आवरते घेतले. २०१७ साली ब्लर्टन-जोन्स ह्यांच्याच गटाने कंपनीच्या चिकित्सायोग्य दर्जाच्या पेशी उंदरांत रोपून काय आढळले ते प्रसिद्ध केले : पेशी परिपक्व झाल्या नाहीत, भलत्या जागी त्यांचे पुंजके झाले, आणि स्मृतीत काही लाभ दिसला नाही. त्याच कुळातील, प्रयोगशाळेत वापरलेल्या पेशींनी पूर्वी लाभ दाखविला होता. कारखान्यात मोठ्या संख्येने वाढविताना पेशी बदलते, ही गोष्ट त्यावरून उघड झाली. ज्या संशोधकाच्या प्रयोगातून आशा निर्माण झाली त्यानेच हा प्रतिकूल निष्कर्ष निःसंकोचपणे प्रसिद्ध केला, ही ह्या प्रकरणातील आदरास पात्र अशी बाजू होय.

माणसांवरील चाचण्या झाल्या त्या मुख्यतः एका निराळ्याच पेशीच्या, नाळेतील रक्तापासून किंवा अस्थिमज्जेपासून मिळणाऱ्या मेसेन्कायमल पेशींच्या. ह्या पेशी मज्जापेशींची जागा घेतील अशी अपेक्षा येथे नाहीच. दाह शमविणे आणि पोषक द्रव्ये स्रवणे एवढेच त्यांच्याकडून अपेक्षित आहे. सोल येथे नऊ रुग्णांच्या मेंदूत सुईने त्या सोडण्यात आल्या. २०१५ सालच्या वृत्तांताप्रमाणे उपचार सुरक्षित ठरला, परंतु व्याधीची वाटचाल थांबली नाही. अमेरिकेत निरोगी दात्यांच्या अस्थिमज्जेतील पेशी शिरेतून देण्याच्या दुसऱ्या टप्प्यातील एका लहान चाचणीचा वृत्तांत मार्च २०२५ मध्ये आला. त्यात ४९ रुग्ण होते. उपचार सुरक्षित आढळला आणि मेंदूचे आकुंचन मंदावल्याचे मापन झाले. चार गटांत विभागलेल्या एकोणपन्नास रुग्णांवरून परिणामकारकतेविषयी निश्चित विधान करता येत नाही.

त्याच्या पुढच्याच महिन्यात पार्किन्सनच्या व्याधीत भ्रूणमूलपेशींपासून आणि यामानाका-पद्धतीच्या मूलपेशींपासून तयार केलेल्या डोपामाइनपेशींच्या रोपणाचे, अनुक्रमे १२ आणि ७ रुग्णांवरील, दोन वृत्तांत प्रसिद्ध झाले. रोपलेल्या पेशी जगल्या आणि त्यांनी डोपामाइन निर्माण केले. म्हणजे जेथे प्रतिस्थापनाची कल्पना मुळात जन्मली तेथे ती अद्याप जिवंत आहे. १९८२ साली दोन व्याधींना एकाच साच्यात घालणारा तर्क किती अपुरा होता, हे २०२५ च्या ह्या दोन महिन्यांतील वृत्तांत शेजारी शेजारी ठेवल्यास जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही युक्तिवादाने होणार नाही.

दरम्यान मूलपेशीचा आणखी एक, कमी गाजलेला उपयोग पुढे आला. २०१४ साली बोस्टन येथे डू यॉन किम आणि रुडॉल्फ टांझी ह्यांच्या गटाने मानवी मज्जामूलपेशी जेलीसारख्या माध्यमात वाढवून त्यांत साठे आणि गुंते दोन्ही निर्माण केले. उपचाराचे साधन म्हणून आणलेली पेशी येथे रोगाचा नमुना झाली. इतिहासाच्या दृष्टीने पाहता, ह्या पेशींनी आजवर रुग्णापेक्षा संशोधकालाच अधिक दिले आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

बाजाराची भाषा मात्र ह्या साऱ्या पालटापासून अलिप्त राहिली. मूलपेशी शरीरात गेली म्हणजे गेलेल्या पेशीची जागा घेते, हे १९८४ चे सूत्र जाहिरातींत कायम आहे. आपल्या देशात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग ह्यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूत्रांनी, रक्तविकारांतील मान्यताप्राप्त उपयोग सोडल्यास अन्य कोणताही मूलपेशी-उपयोग ‘उपचार’ ह्या नावाने करता येणार नाही, तो रीतसर चाचणीच्या चौकटीतच झाला पाहिजे, अशी मर्यादा घातली. हा अपवाद रक्ताचाच असावा, ह्यात ह्या लेखाच्या आरंभी सांगितलेला इतिहास उमटलेला आहे.

ह्या कथेचे सर्वांत अलीकडचे प्रकरण पुन्हा रक्ताच्याच शेजारी येऊन थांबते. २०१३ साली ट्रेम-२ ह्या जनुकातील काही भेद अल्झायमर व्याधीचा धोका बराच वाढवितात, असे आढळले. मेंदूत हे जनुक मज्जापेशींत नव्हे तर मायक्रोग्लिया ह्या रक्षक पेशींत कार्य करते. ह्या पेशी मज्जासंस्थेच्या मूळ ऊतीतून उगम पावत नाहीत. त्या भ्रूणावस्थेत पीतककोशातून, म्हणजे आद्य रक्तपेशींच्या उगमस्थानातून, मेंदूत येतात, तेथे हिंडतात, विभागतात, आणि मज्जापेशीसारख्या कोणा एका जागेला व जोडणीला बांधलेल्या नसतात. २०२५ साली ब्लर्टन-जोन्स ह्यांच्या गटाने मानवी मूलपेशींपासून मायक्रोग्लिया तयार करून, साठ्यांच्या सान्निध्यातच अमिलॉइडचे विघटन करणारे विकर स्रवावे असा फेरफार त्यांत केला, आणि त्या उंदरांच्या मेंदूत रोपल्या. साठे घटले आणि संधिस्थानांचे रक्षण झाले. येथे पेशी वाहकही आहे आणि तिच्याच जातीच्या पेशीची जागाही घेते. मज्जापेशींच्या बाबतीत जे प्रतिस्थापन साधले नाही, ते ठिकाणाचे बंधन नसलेल्या पेशींच्या बाबतीत शक्य दिसते. हे प्रयोग उंदरांवरील आहेत. त्या उंदरांत मूळच्या मायक्रोग्लिया मुद्दाम नाहीशा करून नव्या पेशींसाठी जागा करावी लागली होती, आणि वृद्ध माणसाच्या मेंदूत तशी जागा सुरक्षितपणे कशी करावयाची, हा त्यापुढचा प्रश्न आहे.